अकरा हात मोकळी पाळ

कोणीतरी पुन्हा तिथे नारळ फोडला होता. नुसता फोडला नव्हता. खडकाला शेंदूर फासला होता, मातीत अगरबत्त्या खोचल्या होत्या, आणि ज्या प्लास्टिकच्या पिशवीतून हे सगळं आणलं ती पिशवी वाऱ्यावर सोडून दिली होती. ज्याने हे केलं तो घरी जाऊन निवांत जेवला असेल. आपल्या हातून काहीतरी चांगलं घडलं, असंही त्याला वाटलं असेल. वाईट करणाऱ्याला निदान दटावता तरी येतं. पुण्य करायला निघालेल्या माणसाला अडवायचं कसं?

सखरूजी नान्हे वाकून करवंटीचे तुकडे वेचत होते. मोहबोडीच्या तलावाचं तुडूम, म्हणजे शेतांना पाणी सोडायची मोरी, त्यांनी चाळीस वर्षं उघडली आणि बंद केली. आता ते काम मुलगा बघतो आणि सखरूजी पाळ बघतात. पाळ म्हणजे तलावाचा बांध. पूर्व विदर्भात असे जुने तलाव गावोगाव आहेत आणि पाळीही गावोगाव आहेत, पण मोहबोडीची पाळ इतरांसारखी नाही. दक्षिणेच्या टेकडीपासून ती दगडांनी मढवलेली सरळ चालत येते आणि उत्तरेच्या टोकाशी एकाएकी थांबते. पुढचे अकरा हात दगड नाही, फळी नाही, कठडा नाही. नुसता उघडा खडक, दोन्ही बाजूंना भुसभुशीत माती, आणि त्यापलीकडे टेकडी. पाळीवरून चालणाऱ्याला इथे खाली उतरावं लागतं, चिखलातून वळसा घालून पलीकडे चढावं लागतं.

त्या सकाळी शहरातून चार पाहुणे आले होते, थंडीतले पक्षी बघायला. त्यांच्यातल्या शर्मिष्ठाताई पाळीच्या टोकाशी येऊन थबकल्या.

"एक फळी टाकली असती तर काय बिघडलं असतं?"

"टाकत नाही जी," सखरूजी म्हणाले.

"आणि ते कासवदेवाचं मंदिर कुठे आहे? मोबाइलवर तर इथेच दाखवतंय."

"हेच."

ताईंनी खडकाकडे पाहिलं, मातीकडे पाहिलं, मग सखरूजींकडे पाहिलं. "इथे तर काहीच नाही."

"हो," सखरूजी म्हणाले, "नाहीच. ते टिकवता टिकवता आमच्या सात पिढ्या गेल्या." आणि हातातले करवंटीचे तुकडे खाली न ठेवताच त्यांनी सांगायला सुरुवात केली.

असे सांगतात, की हा तलाव बांधला तेव्हा पाळ एका टेकडीपासून दुसऱ्या टेकडीपर्यंत सलग होती. बांधणाऱ्यांना त्याचा फार अभिमान. थेंब बाहेर जाणार नाही, म्हणत. आणि झालंही तसंच. पुराच्या जास्तीच्या पाण्याला बाहेर पडायला वाटच नव्हती, म्हणून ते चढत गेलं, आणि श्रावणातल्या एका दुपारी पाळ मधोमध फुटली. धानाची बांधी, म्हणजे भातखाचरं, वाहून गेली, गुरं गेली, आणि जिराचा नवराही गेला.

जिरा ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, घरची सून. घरात सासू आणि एक लहान लेक. नवऱ्यामागे तुडुमाचं काम तिच्याकडे आलं. पाण्यात बुडी मारून मोरीची लाकडी बुचं काढायची आणि बसवायची, हे काम गावात दुसऱ्या कोणाला जमत नव्हतं. तलावाचा तळ तिला पायांनी पाठ होता, आणि तळात राहणारी कासवंही. ही कासवं मऊ पाठीची, शेवाळी रंगाची. मागचे पाय आत ओढले की पोटाखालच्या कातड्याच्या झडपा बंद करून घेतात, घराचं दार लावावं तशी. मेलेली मासळी, कुजका पाला, जे कोणी खात नाही ते खातात. उन्हाळ्यात तलाव आटला की गाळात खोल शिरून झोपतात आणि पाणी आलं की उठतात. यांतलं काही जिराला कोणी शिकवलं नव्हतं. रोज पाण्यात उतरणाऱ्या माणसाला ते दिसतं, एवढंच. दिसलेलं इतरांना पटवून देणं मात्र वेगळं काम आहे, आणि त्यात ती पार थकली.

पाळ फुटल्यावर गाव विचार करायला बसलं. सगळी पृथ्वी कासवाच्या पाठीवर उभी आहे हे गावाला ठाऊक होतं. देवळात गाभाऱ्यासमोर दगडाचं कासव होतंच. मग पृथ्वी पेलणाऱ्याला एक पाळ पेलायला कितीसं जड? पाळीच्या पोटात जिवंत कासव पुरावं असं ठरलं. हे पहिल्यांदा कोण बोललं, ते कोणी सांगत नाही. पाळ टिकली असती तर दहा जण पुढे आले असते.

एक कासव पुरलं. पुढच्या पावसाळ्यात पाळ पुन्हा फुटली. आता, कासव पुरून पाळ टिकत नाही असं एखाद्याने म्हणावं की नाही? कोणी म्हणालं नाही. सगळे म्हणाले, एक कमी पडलं. मग तीन पुरली. पाळ पुन्हा फुटली.

जिरा गणबा पाटलाकडे गेली. पाटील माणूस वाईट नव्हता, म्हणे. ऐकून घ्यायचा, मान हलवायचा आणि मनात होतं तेच करायचा.

"पाटीलजी, पाण्याले बाहेर जाले वाट नाही. कुठंतरी पाळ खाली ठेवा."

"पाळ खाली ठेवू?" पाटील हसला. "फुटते म्हणून उंच करतात, बाई. तू तुडूम पाहा. पाळीचं आम्ही पाहू."

"अन् कासवं काहून मारता?"

"मारतो कुठं? पूजा करून पुरतो. त्याले पुण्यच लागते."

"त्याले विचारलं का?"

यावर पाटलाने मान हलवली.

तिसऱ्या वर्षी तलावाला वास येऊ लागला. मेलेली मासळी काठाशी तरंगत राही, तिला खाणारं कोणी उरलं नव्हतं. जाळ्यात काळा चिखल येई, पोरांच्या अंगावर फोड येत. जिराने हेही सांगितलं. गाव म्हणालं, कलियुग आहे.

चौथ्या वर्षी गावाने हिय्या केला. संपूर्ण पाळ दोन हात उंच करायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत दगड बसवायचा, आणि दर पन्नास हातांवर एक कासव पुरायचं. वैशाखात तलाव आटला तेव्हा माणसं पहारी घेऊन गाळात उतरली. पहार टोचत जायची आणि मऊ कातड्याखालचं हाड लागलं की उकरायचं. पूर्वी दोन पावलांवर कासव लागे. आता अख्खी वस्ती आठ दिवस टोचत होती, तेव्हा कुठे नऊ मिळाली. नऊ ठिकाणी नऊ पुरली, वर दगड बसवला. काम दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत आलं आणि शेवटच्या अकरा हातांशी येऊन थांबलं. तिथे टेकडीचा खडक लागेपर्यंत खड्डा खणून ठेवला होता, पण त्यात पुरायला दहावं कासव मिळेना.

शेवटी सापडलं. म्हातारी मादी, पाठीच्या काठाला खाच पडलेली. टोपलीत घालून तिला वाजतगाजत पाळीवर आणलं.

जिराने खाच ओळखली. लग्न होऊन आली त्या वर्षीच्या अश्विनात तिने या मादीला पहिल्यांदा पाहिलं होतं, नेमकं याच जागी. मादी पाण्यातून वर आली, मागच्या पायांनी माती उकरली, अंडी घातली, माती पुन्हा लोटली आणि पोटाने सारवल्यासारखी सपाट केली. तेव्हापासून दर अश्विनात ती इथेच येई. अंडी मातीत राहत, थंडी सोसत, उन्हाळा सोसत, आणि पाऊस लागला की फुटत. म्हणजे खड्ड्याच्या बाजूच्या ज्या मातीवर उद्या दगड बसणार होते, तिच्या पोटात या घडीला अंडी होती. आणि दगड बसल्यावर ना आतलं पिल्लू बाहेर येणार होतं, ना बाहेरचं कासव आत.

टोपलीतून मादी उचलून जिरा खड्ड्यात उतरली आणि तिला मांडीवर घेऊन बसली.

"ऊठ जिरा, पाऊस डोक्यावर आला," पाटील म्हणाला.

"हो. म्हणूनच बसली."

"पाळ अधुरी राहिली अन् इथून पाणी सुटलं तर?"

"तर पहिली माझी झोपडी जाईल. ह्याच्याच खाली आहे ते. तुमचं घर टेकडीवर आहे, पाटीलजी. तुम्ही कायले भेता?"

हे खरं होतं. ती अधुरी जागा आणि जुना नाला यांच्या मधोमध जिराची झोपडी उभी होती. नवऱ्याच्या मागे तेवढंच तिच्याकडे उरलं होतं. तिच्या हिशेबाने पाणी खडकावरून निमूट वाहून जाणार होतं आणि गाव वाचणार होतं. हिशेब चुकला तर गावही जाणार होतं. पण दोन्हीकडून झोपडी जाणार, हे तिला चांगलं कळत होतं. म्हणून लेकीला तिने सकाळीच सासूबरोबर टेकडीवर पाठवून दिलं होतं.

गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "कासवाशी पाट लावला का गा हिनं?"

लोक खदाखदा हसले. जिरा म्हणाली, "लावला. तुमच्याहून बरं आहे ते. थोडंतरी ऐकते."

तीन दिवस ती हलली नाही, असे सांगतात. सासू दुपारी गाडग्यात पेज घेऊन येई आणि पेज पाजता पाजता आधी सुनेला, मग गावाला, मग कासवाला शिव्या देई. माणसं पाट्या-फावडी घेऊन काठावर उभी. बाईमाणसाला हात लावून ओढायचं कसं, आणि तिच्यासकट माती लोटायची कशी? चौथ्या दिवशी दुपारी आभाळ फुटलं. पाट्या-फावडी टाकून सगळे टेकडीवर पळाले. शेवटचे अकरा हात तसेच राहिले.

पाणी चढत गेलं. नव्या दगडावर चढलं, पूर्वी जिथे पाळ फुटायची त्या खुणेपर्यंत आलं. टेकडीवरून गाव कान देऊन ऐकत होतं. तीन पावसाळे ऐकलेला तो आवाज त्यांना ओळखीचा होता. आवाज आला नाही. पाणी उत्तरेच्या टोकाशी सरकलं, जिथे खड्डा खणताना खडक उघडा पडला होता. तिथून ते पातळ होऊन वाहू लागलं. आधी बोटभर, मग घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. खडक काही खचला नाही. जिरा बाजूच्या मातीवर सरकून उभी राहिली. तिच्या हातातून मादी निसटली, वाहत्या पाण्याच्या उलट दिशेने चालत गेली आणि तलावात उतरली. मागे वळून पाहिलं नाही. कासवाला मागे वळून पाहायची सवय नसते.

खाली झोपडीची आधी चूल गेली, मग कूड गेला, मग छप्पर बसलं. जिराने ते उभ्याने पाहिलं.

पाळ टिकली. धान टिकलं. पाऊस ओसरल्यावर सकाळी सगळं गाव टेकडीवरून खाली येताना जिराला दिसलं. तिला वाटलं, आपली झोपडी उभारायला येतायत. पण त्यांच्या हातात बांबू नव्हते. नारळ होते, हळदकुंकू होतं, पुढे डफडं वाजत होतं. ते तिला ओलांडून थेट मोकळ्या जागेशी गेले आणि कासवमातेचा जयजयकार सुरू झाला.

"कासवानं काही नाही केलं गा!" जिरा म्हणाली. "तुम्ही ह्या अकरा हातांत काही नाही केलं, म्हणून गाव वाचलं."

"तेच म्हणतो मी," पाटील हात जोडून म्हणाला. "देवाची करणी!"

जिराने कपाळावर हात मारून घेतला. आणि तेवढ्यात बाजूची ओली माती हलली. भेग पडली. तिच्यातून एक इवलंसं तोंड बाहेर आलं, मग दुसरं, मग आणखी. सुपारीहून थोडी मोठी पिल्लं, एकापाठोपाठ एक, पाण्याकडे निघाली. गाव वाकून बघू लागलं. जिराला वाटलं, आता तरी यांना कळलं.

पुढच्या क्षणी झुंबड उडाली. ज्याला त्याला देवघरात ठेवायला एक पिल्लू हवं होतं. कोणी ओटीत घातलं, कोणी तांब्यात घातलं, कोणी देवळाच्या विहिरीत सोडायला धावलं. एकाने एवढ्याशा पाठीवर कुंकू लावलं आणि पिल्लाचे डोळे त्या कुंकवाने माखले.

तेव्हा जिरा ओरडली. आधीची काही वाक्यं सखरूजी पाहुण्यांसमोर सांगत नाहीत. शेवटची सांगतात.

"खाता, नाहीतर पुरता, नाहीतर पुजता! नुसतं राहू देता येत नाही का तुमाले?"

डफडं थांबलं. सर्वांत आधी गणबा पाटलाने ओंजळीतलं पिल्लू खाली ठेवलं. मग एकेकाने ठेवलं. पिल्लं पाण्यात गेल्यावर पाटील म्हणाला, आणि यावेळी त्याने मान हलवली नाही, "मग आम्ही करावं काय?"

"काही नाही."

"म्हणजे नेमकं काय?"

गावाला काहीतरी केल्याशिवाय चैन पडणार नाही, हे जिराला तोवर कळून चुकलं होतं. तिने सुस्कारा टाकला. "बरं. इथं आलं की खाली उतरा. वहाणा हातात घ्या, चिखलातून जा, पलीकडं चढा. पाटील असो, नवरदेव असो, मढं असो. अन् दगड नको, झेंडा नको, नारळ नको, देऊळ तर नकोच नको. एवढं जमते का पाहा."

तलावाचं पाणी ओंजळीत घेऊन गावाने तिथेच शपथ घेतली. मग पहार मागून घेऊन जिरा पुरलेली नऊ कासवं उकरायला लागली. चिखलात झोपायची सवय असलेली जात. काही जिवंत निघाली, म्हणे. सखरूजींचे आजोबा चार सांगत, त्यांचे मामा सात सांगत. सखरूजी चारच धरतात. झोपडी बांधून द्यायचं मात्र कोणाच्याच ध्यानात आलं नाही. ती सासू-सुनेने मिळून बांधली, यावेळी टेकडीवर.

आजही मोहबोडीत वरात पाळीवरून आली की इथे घोडा थांबतो. नवरदेव खाली उतरतो, जोडे हातात घेऊन चिखलातून जातो, आणि त्याचे शहरातले मित्र हसतात. मध्यंतरी सुशोभीकरणाची योजना आली होती. गाव म्हणालं, सगळं करा, हे अकरा हात सोडा. साहेब म्हणाले, नकाशात खंड चालत नाही. गावाने योजना परत पाठवली. शेजारच्या गावाने घेतली. त्यांच्या पाळीवर आता फरशी आहे, रंगीत कठडा आहे, आणि तोंड उघडं असलेलं सिमेंटचं मोठं कासव आहे, तोंडात कचरा टाकण्यासाठी. तलावात खरं एकही उरलेलं नाही. मोहबोडीच्या या मातीवर गेल्या अश्विनात दोन माद्या चढल्या. पूर्वी सखरूजी वीस-वीस मोजत असत. आता दोन. रात्री गाळात पहारी टोचून कासवं विकणारे वेगळे, आणि दिवसा नारळ फोडून माती तुडवणारे वेगळे. अंडी दोघांच्याही पायांखाली सारखीच चिरडतात.

सखरूजी थांबले. वाऱ्याने आणलेली प्लास्टिकची पिशवी खडकाशी अडकली होती, ती एकाने उचलून खिशात घातली. सगळ्यांनी बूट काढले आणि एकेक करून खाली उतरले. शर्मिष्ठाताई चिखलात मध्यावर पोचल्या आणि वळून म्हणाल्या, "आजोबा, पण नवसाला पावतं ना हे?"

सखरूजींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग हातातल्या करवंट्यांकडे पाहिलं. सात पिढ्या हाच प्रश्न ऐकत आल्या आहेत. ते उरलेले तुकडे वेचायला पुन्हा वाकले.

पाळीच्या टोकाशी त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर मघापासून उभा होता. ताईंनी मंदिरासाठी गाडीतून आणायला सांगितलेली पूजेची पिशवी त्याच्या हातात होती. त्याने आत डोकावून पाहिलं, पिशवीला गाठ मारली आणि गाडीकडे वळता वळता म्हणाला, "मॅडम, नारळ परत डिक्कीत ठेवतो. घरी गेल्यावर चटणी करा."